वसाहतीच्या मेळाव्याला कोणती पथकं बोलवावीत? (भुसावळ)

सिग्नलवाला
नमस्कार मंडळी. भुसावळात आमच्या वसाहतीचा दर जानेवारीत एक मेळावा असतो. गाव रेल्वेचं. मुंबईकडून येणारी लाइन इथे फुटते, एक इटारसीकडे आणि एक नागपूरकडे, आणि बदलीवर आलेला माणूस निवृत्त होईपर्यंत इथलाच होऊन जातो. त्यामुळे क्वार्टरच्या एकाच रांगेत तेलुगू, तमिळ, भोजपुरी, पंजाबी, लेवा, अहिराणी असं सगळं शेजारीशेजारी. वरणगाव फॅक्टरीतले आणि दीपनगरचे लोकही येतात. ज्याने त्याने आपलं काहीतरी सादर करायचं, जेवायचं आणि घरी जायचं, एवढाच कार्यक्रम.

पुढे बाहेरची पथकं बोलवायला सुरुवात झाली आणि गुंता वाढला. गेल्या खेपेला सातपुड्यातून एक आदिवासी पथक आलं होतं. दुपारी तीनलाच पोचलं. त्यांना पाहुण्यांच्या स्वागतासाठी गेटवर उभं केलं. पाहुणे आले दीड तास उशिरा. मग दीपप्रज्वलन, सत्कार, भाषणं, मुलांचे सिनेमाच्या गाण्यांवरचे नाच. पथकाचा नंबर लागला तेव्हा पावणेदहा झाले होते आणि दहाला पोलिसांनी आवाज बंद करायला लावला. ढोलवाला नुकता कुठे रंगात आला होता.

यंदा आयोजनात मीही आहे. कोणाला बोलवावं, क्रम कसा लावावा, मानधनाचं काय करावं, सांगा. खानदेशातलं आणि बाहेरचं, दोन्ही हवंय.

भरीतभाकरी
जानेवारीत भुसावळला माणसं जमवायला पथकं कशाला लागतात? बामणोदची वांगी आणा, पऱ्हाटीच्या काड्यांवर भाजा. लोक आपोआप नाचतील.

धुळेकरीण
भाऊ, भुसावळला गाडीसुद्धा दहा मिनिटं थांबते. तुम्ही पथकाला पंधरा दिलीत, म्हणजे उदारच म्हणायचे.

अक्राणी
गेटवर उभं केलं हे वाचून नवल वाटलं नाही. मी धडगावचा, पावरा. नोकरीमुळे नाशकात असतो, पण गावातली पोरं ढोल घेऊन कार्यक्रमांना जातात आणि त्यांची बोलणी बऱ्याचदा मीच करतो. फोनवर पहिला प्रश्न ठरलेला असतो : "तुमचे लोक पानं-बिनं बांधून येतील ना?" आमच्यात पानं कोणी बांधत नाही. बायका अंगभर चांदी घालतात, खरी चांदी, आजीपासून चालत आलेली. सिग्नलवाला, तुमच्यासाठी पहिली सूचना हीच की त्यांना कपडे बदलायला कुलूप लागणारी एक खोली द्या आणि बाहेर एक बाई बसवा. गर्दीत हासळी-वाक्या सांभाळत नाचायचं म्हणजे निम्मं लक्ष गळ्यावर.

दुसरं म्हणजे स्टेज. आमचा नाच फेराचा आहे. ढोल मध्ये, माणसं भोवती, एकमेकांच्या कमरेत हात. याला पुढची बाजू-मागची बाजू असं नसतंच. स्टेजवर चढवलं की सूत्रसंचालक सांगतो, प्रेक्षकांकडे तोंड करा. मग सगळे एका ओळीत उभे राहून पाय हलवतात. फोटो छान येतो. नाच मेलेला असतो. मैदानात चुना मारून गोल आखा, लोकांना भोवती बसवा, शेवटी दहा-वीस जण आत शिरले तर शिरू द्या. लग्नात असंच असतं.

मानधनाबद्दल नंतर लिहितो, मीटिंग आहे.

लेवाबाय
फेराचं अगदी पटलं. आमची भुलाबाई पन फेराचीच. गरबा फेराचा. बंजारा बायांचा नाच फेराचा. स्टेज मंग लागते कोनाले? सत्कारवाल्यायले!

सिग्नलवाला
@लेवाबाय, हे समितीच्या बैठकीत तुम्हीच येऊन सांगा. मी सांगितलं तर मंडपवाला आणि अध्यक्ष दोघे रुसतील.

@अक्राणी, खोलीचं लिहून घेतलं. पुढचं सांगा.

नाट्यवेडा
थोडा वेगळा सूर लावतो. प्रत्येक गोष्ट 'मूळ जागीच' बघायची म्हटलं तर भुसावळच्या माणसाने बघायची कधी? तमाशा जत्रेच्या मैदानातून थिएटरात आला. आमच्या लहानपणी गावच्या यात्रेत तगतराव निघायचा, सजवलेल्या गाडीवर नाचगाणं आणि पुढे बैल. आता तेच कलाकार ट्रॉलीवर आणि स्टेजवर दिसतात. जागा बदलली की कला बदलते, मरतेच असं नाही. पंधरा मिनिटांचा आकृतिबंध बसवायचा, उजेड नीट द्यायचा, निवेदनात चार वाक्यं संदर्भाची. प्रेक्षकाला तेवढंच झेपतं. रात्रभर चालणारी वही, म्हणजे गाऊन सांगितलेलं आख्यान, ऐकायला आज बसतो कोण? वसाहतीतल्या लोकांना दुसऱ्या दिवशी ड्यूटी असते.

आणि नंदुरबारकडच्या काठी गावच्या राजवाडी होळीसारखा देखणा प्रकार लोकांपर्यंत पोचवायचा नाही का? मोरपिसांचे टोप, कमरेला वाळलेले दुधी आणि घुंगरं, अंगावर नक्षी. पाच मिनिटांत सभागृह ताब्यात घेतात. मी तर म्हणेन तेच शेवटी ठेवा.

अक्राणी
नाट्यवेडा, तुमचं पहिलं मान्य. पंधरा मिनिटांचं बसवायला आमची पोरं तयार असतात आणि बसवतातही. पण दुसऱ्या मुद्द्यावर भांडणार.

काठीची होळी संस्थानाची, १२४६ पासून चालत आली असं तिथे सांगतात. होळीच्या उंच बांबूसाठीचा खड्डा माणसं हाताने उकरतात, कुदळ-फावडं लावत नाहीत, आणि होळी पेटते ती पहाटे. तिथे जे बावा-बुध्या दिसतात त्यांनी नवस फेडायला ते रूप घेतलेलं असतं. त्या दिवसांत खाटेवर झोपायचं नाही, अंघोळ नाही, खाण्यापिण्याचं पथ्य, घरापासून लांब. होळी झाली की ते रूप उतरवायचं. आता तुम्ही त्याला जानेवारीत बोलवून "जरा बावा होऊन दाखव" म्हणालात तर तो होईलही, पैशाची गरज कोणाला नसते? पण गावात परतल्यावर म्हातारे त्याला काय म्हणतात ते मी ऐकलेलं आहे.

त्यामुळे आमच्याकडे एक सरळ रीत पडली आहे. लग्नातले नाच, ढोल, मांदळ, बासरी, गाणी कुठेही न्या. नवसाचं नेऊ नका. पथकालाच विचारा ना, तुम्ही काय दाखवाल? यादी त्यांची, वेळ तुमची.

साक्रीवाला
वरच्याला अनुमोदन. आमच्या पिंपळनेर पट्ट्यात कोकणा आणि भिल्ल लोकांत डोंगऱ्यादेवाचं व्रत असतं, मार्गशीर्षात. पावरी वाजवणारा असतो. दुधी भोपळा आणि बांबूच्या नळ्यांचं ते वाद्य, फुंक न तोडता वाजवतात. व्रत धरणारे माऊले दिवसभर उपाशी, अनवाणी, गावोगाव फिरून नाचतात आणि शेवटी डोंगरावर देवाच्या ठिकाणी रात्र जागवतात. त्या पावरीवर माणसांच्या अंगात येतं. एका गॅदरिंगला पोरांनी हौसेने हे बसवलं होतं, पावरीवाला खरा आणला होता. प्रेक्षकांतल्याच एका म्हाताऱ्या बाईच्या अंगात आलं. सूत्रसंचालकाने माइकवर विचारलं, "कृपया कोणी डॉक्टर आहेत का?"

पावरी ऐकायची तर पावरीवाल्याला नुसतं वाजवायला बोलवा. तो लग्नाच्या चालीही वाजवतो. एकटा, साथीला एक थाळीवाला. माइक लांब धरा.

भरीतभाकरी
डॉक्टरांनी काय केलं मग? 😄

साक्रीवाला
डॉक्टर प्रमुख पाहुणे होते. ते स्टेजवरून उतरून नमस्कार करून आले.

नाट्यवेडा
बरं, नवसाचं नको, मान्य. पण मग हे निवेदनात सांगा तरी की काय दाखवत नाही आणि का. आमच्यासारख्या लोकांना कळतच नाही. 'आदिवासी नृत्य' एवढंच पत्रिकेवर छापलेलं असतं, जसं काही पावरा, भिल्ल, कोकणा, मावची सगळे एकच. तुमच्या पत्रिकेवर पथकाचं आणि गावाचं नाव छापा, सिग्नलवाला. पाहुण्यांची तेवढी डिग्रीसकट छापता.

तिसरी_पिढी
भोजपुरी घरातला, जन्म भुसावळचा, शाळा मराठी. आजोबा इंजिनवर होते. मेळावा म्हटलं की दरवर्षी मला निरोप, "भोजपुरी एखादा होऊन जाऊ दे." म्हणजे कोणता ते सगळ्यांना माहीत आहे, ज्यावर पोरं खुर्च्यांवर चढतात. माझी आई छठला तापीकाठी उभी राहून जी गाणी म्हणते ती कोणी मागत नाहीत. संथ आहेत, एकच ओळ फिरत फिरत येते, ढोलकही नसते कधीकधी. मी एकदा सुचवलं तर उत्तर मिळालं की भक्तिगीतांचा स्लॉट भरला आहे.

सांगायचं म्हणजे हा प्रकार फक्त सातपुड्याच्या लोकांसोबत होत नाही. तमिळ म्हटलं की लुंगी डान्स, पंजाबी म्हटलं की बल्ले बल्ले. बिचारे शेजारचे काका सरदारजी, गुडघे बदललेत, तरी त्यांना ओढतात.

धुळेकरीण
@तिसरी_पिढी, आईंना म्हणावं गाणी माझ्या फोनवर तरी पाठवा. खरंच.

आमच्या सासूबाईंचं कानबाईच्या वेळी असंच. श्रावणातल्या रविवारी नारळाची कानबाई बसते, रात्रभर गाणी, सोमवारी विसर्जन. घरात दहा बाया असल्या की थांबवता थांबत नाहीत. मंडळाने माइक दिला तर दोन ओळींवर गप्प. म्हणाल्या, एकटीचं नसतं हे, पुढची ओळ दुसरीनं उचलायची असते.

गोरमाटी
जय सेवालाल. उशिरा आलो धाग्यावर. सगळे स्टेज, क्रम, मानधन बोलत आहेत, मूळ घोटाळा कोणी धरला नाही. तुमचा मेळावा जानेवारीत असतो. जानेवारीत आमचा बंजारा तांडा रिकामा असतो.

मी चाळीसगाव तालुक्यातला. दिवाळी झाली की मुकादम गाड्या लावतो आणि निम्म्याहून जास्त घरं ऊसतोडीला जातात, पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात, गुजरातेत. परत येतात कारखान्याचा पट्टा पडल्यावर. मागे राहतात म्हातारी माणसं आणि शाळेतली काही पोरं. जानेवारीत तुम्ही "बंजारा पथक हवं" म्हणालात तर मिळतं काय? तालुक्याला राहणाऱ्या नोकरदारांच्या मुली, भाड्याचा फेटिया-कांचळी, आणि मोबाइलवर लावलेलं गाणं. त्या मुलींना नावं ठेवत नाही, त्याही आमच्याच. पण लेंगी, म्हणजे आमची होळीची गाणी, म्हणणाऱ्या ज्या बाया आहेत, ज्यांना पन्नास-पन्नास लेंगी पाठ, त्या तेव्हा कोयता हातात घेऊन फडात असतात.

पथकं चांगली मिळत नाहीत अशी ओरड ऐकतो. मिळतील कुठून, तुम्ही हंगामातच बोलावता.

अक्राणी
मीटिंग संपली. गोरमाटी भाऊंनी वर्मावर बोट ठेवलं. आमच्याकडेही तेच. दिवाळीनंतर धडगाव, तळोदा, अक्कलकुवा भागातली माणसं सुरत-बारडोली पट्ट्यात ऊस तोडायला, सौराष्ट्रात शेतीकामाला जातात. होळीआधीच्या भोंगऱ्याच्या बाजाराला आणि होळीला परत येतात. तेव्हा ढोल बाहेर निघतात. पण तेव्हा कोणी तुमच्याकडे येणार नाही, कारण तेव्हा आमचाच सण असतो. होळी संपली की मेलादे (होळीनंतरच्या जत्रा), मग लग्नं.

सिग्नलवाला
हा विचार खरोखर कोणाच्या डोक्यात आला नव्हता. जानेवारी का, तर हवा चांगली, शाळांची परीक्षा लांब, आणि (@भरीतभाकरी) वांगी. होळीनंतर घ्यावं तर मार्च-एप्रिलमध्ये भुसावळचं ऊन तुम्हाला माहीत आहे. मे महिन्यात तर ढोलाचं कातडंही घामेजेल.

आखाजी
भाऊ, मन्हं आयकशात का? कोजागिरीले ठेवा. दिवाई पंधरा दिन पुढे ऱ्हास, मुकादमनी गाडी आजून येल नही ऱ्हास. बठ्ठा लोके घरच ऱ्हातस. चांदनं शे, दूध शे, आनखी काय पाहिजे भो?

लेवाबाय
ओ आखाजी भाऊ, एकदम बरोबर! भुलाबाई पन कोजागिरीलेच बोळवतो आपन. भाद्रपद पौर्णिमेले बसते, महिनाभर पोरी घरोघर गानी म्हनते, डब्यातला खाऊ वळखते, आन् कोजागिरीले शेवट. त्या दिवशी पोरी गरम असते गळ्यानं. जानेवारीत भुलाबाई बसवली तं ते नाटकच होते.

सराफगल्ली
जळगावहून. इथे सराफ बाजारात बंगाली कारागीर शेकड्याने आहेत, सोन्याचं बारीक काम तेच करतात. दुर्गापूजा जोरात असते, ढाक हा मोठा ढोल वाजवणारे ढाकी बंगालहून येतात. तुम्हाला ढाक हवा असेल तर दसऱ्याच्या आसपासच, एरवी ढाकी इथे नसतो. पण थांबा, कोजागिरीच्या रात्री त्यांच्या घरोघर लक्ष्मीपूजा असते. त्या संध्याकाळी एकही बंगाली मेळाव्याला येणार नाही. ढाकीही दसरा झाला की परतीच्या गाडीत. दोन दिवस आधी धरलंत तर आग्रह करून एखादा थांबवता येईल, त्याचं आरक्षण तुम्ही करून द्या. तुम्ही तर रेल्वेवाले!

सिग्नलवाला
रेल्वेवाल्यांनाही वेटिंगच मिळतं, हे गुपित इथे फोडू नका.

पण विचार पटतोय. तेलुगू घरांतल्या बायकांचं बतुकम्मा नवरात्रात असतं, फुलांची उतरंड रचून भोवती फेर. टाळ्या, गाणी बसलेली असतात. गुजराती-मारवाडी मंडळींचा गरबा तर नऊ रात्रींचा सराव करूनच येणार. म्हणजे दसरा ते कोजागिरी या पाच-सहा दिवसांत एखादी संध्याकाळ. कोणाला वेगळी तालीम घ्यायचीच गरज नाही.

भरीतभाकरी
एक मिनिट. ऑक्टोबरात भरिताची वांगी कुठून आणणार?

साक्रीवाला
झालं. आता मेळावा होत नाही.

भरीतभाकरी
हसू नका, गंभीर आहे. भरीत थंडीचं. पावसाळ्याच्या वांग्याला ती चव नाही, पाणी सुटतं. वर हिरव्या मिरच्या, कांद्याची पात, कळण्याची भाकरी, हे सगळं हिवाळ्यात जमतं. वसाहतीतले अर्धे लोक त्या पंगतीसाठी येतात. तमिळ काकू स्वतः बडगीत वांगी ठेचायला बसतात, तो खरा बहुभाषिक कार्यक्रम. तुम्ही पंगत काढून पथकं आणताय.

धुळेकरीण
शेवभाजी करा. तिला हंगाम नाही.

मुक्काम_शिरपूर
डुबुकवडे.

आखाजी
दूध आटाडा, बासुंदी करा. कोजागिरी शे का मस्करी?

तिसरी_पिढी
लिट्टी-चोख्याला पण वांगंच लागतं, भाऊ. मी @भरीतभाकरी यांच्या बाजूने.

मुक्काम_शिरपूर
अवांतर : जानेवारी सोडलात तर तिबेटी स्वेटरवाले पण हुकतील. आमच्याकडे दर हिवाळ्यात येतात. एकदा मंडळाच्या पोरांनी त्यांना विचारलं होतं नाचता का म्हणून. बाई हसली आणि म्हणाली, संध्याकाळी सहा ते नऊ विक्रीची वेळ, तुम्ही नाचा, आम्ही स्वेटर विकतो.

कायदेकानू
आवाजाबद्दल थोडं, कारण गेल्या वर्षीची घटना त्यामुळेच झाली. ध्वनिप्रदूषण नियम २००० चे आहेत. रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपक बंद. बऱ्याच जणांना वाटतं की माइक बंद केला की ढोल चालतो. २०१० च्या दुरुस्तीनंतर तसं नाही. वाद्यंही रात्री उघड्यावर वाजवता येत नाहीत. बंद सभागृहात चालतं. सण-सांस्कृतिक कार्यक्रमांसाठी राज्य सरकारला वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस बारापर्यंत सूट देता येते. तुमची तारीख त्या दिवसांत बसते का ते जिल्हाधिकारी कार्यालयात आधी विचारा. नवरात्रातले काही दिवस बहुधा असतात, पण गृहीत धरू नका.

व्यवहाराचं म्हणाल तर ढोल सहाला, भाषणं नऊनंतर. भाषणांचा आवाज कमी असतो, आणि बंद झाली तरी कोणी तक्रार करत नाही.

लेवाबाय
🙏🙏 शेवटचं वाक्य फ्रेम करून लावा.

नाट्यवेडा
वही गायनाचं विसरू नका. बंद सभागृह असेल तर दहानंतर वही लावा. ज्याला ड्यूटी आहे तो जाईल, ज्याला ऐकायचं तो बसेल. वर मीच म्हणालो कोण बसतं, पण साठीच्या पुढची मंडळी बसतात, आणि वही मंडळांत आता तेच उरलेत. त्यांना पंधरा मिनिटं देण्यापेक्षा न दिलेली बरी. आख्यान सुरू व्हायलाच तेवढी जातात.

मुक्काम_शिरपूर
सोंगाड्या पार्टीचं, म्हणजे आदिवासी लोकनाट्याचं, पण तसंच ना? नवापूर-नंदुरबारकडे रात्रभर चालते, पहाटेपर्यंत लोक हलत नाहीत. पंधरा मिनिटांची सोंगाड्या पार्टी म्हणजे नुसता बँड.

अक्राणी
आता मानधन. रक्कम इथे लिहीत नाही, प्रत्येक पथकाची वेगळी. पण हिशेब कसा करावा ते सांगतो. पथकात पंधरा-वीस माणसं. जायचा दिवस, कार्यक्रमाचा दिवस, यायचा दिवस, तेवढी मजुरी बुडते. ती धरा. गाडीभाडं वेगळं. जेवण वेगळं, आणि जेवण कार्यक्रमाआधी द्या. रात्री साडेअकराला पंगत उठल्यावर उरलेलं देऊ नका. पैसे त्याच रात्री हातात. "चेक पाठवतो" म्हणणाऱ्यांचे चेक आमच्या म्होरक्याच्या घरी यायला दुसरी होळी उजाडते. मोमेंटो नको. आमच्याकडे एका घरात एवढे मोमेंटो आहेत की त्यांचा दाराला टेकण म्हणून उपयोग होतो.

आणि खरं सांगायचं तर भुसावळहून धडगावला फोन करायची गरज काय? तुमच्या उशाला सातपुडा आहे. रावेर तालुक्यात पाल आहे, यावल-चोपड्याच्या वरच्या पट्ट्यात पावरा-बारेलांचे पाडे आहेत. तिथूनही लोक कामाला बाहेर जातात, पण दसऱ्याला घरी भेटतील. तिथली पथकं दोन तासांत पोचतात, रात्री घरी झोपायला जातात. धडगावच्या माणसाला रात्री चांदसैली घाट उतरावा-चढावा लागतो, पावसाळ्यात तर नकोच. आपलं काम कमी करून घेतोय मी, पण आहे ते आहे.

सिग्नलवाला
हे फार कामाचं. पाल तर आम्ही सहलीला जातो, आणि पथक शोधतोय नंदुरबारात!

गोरमाटी
यावल-रावेरात तडवी पण आहेत. त्यांच्या लग्नातली बायकांची गाणी ऐकली आहेत का कोणी? आदिवासी भिल्ल, धर्माने मुसलमान, बोली निराळी. त्यांना आदिवासी मेळाव्यातही कोणी बोलवत नाही आणि ईद-मिलनातही कव्वालीच लागते. त्या बाया स्टेजवर येतील का ते सांगता येत नाही, घरचे लोक काय म्हणतात त्यावर आहे. पण विचारून तरी बघा. ओळखीची तडवी मास्तरीण असेल तर तिच्यामार्फत विचारा, मंडळाच्या लेटरहेडवर नको.

तिसरी_पिढी
फैजपूरला आमच्या ओळखीच्या आहेत एक. व्यनि (खासगी निरोप) करतो.

मुक्काम_शिरपूर
नंदुरबारहून कोणाला आणायचंच झालं तर सुरत-भुसावळ लाइनने आणा. गाडी थेट आहे, घाट नाही. मोठा ढोल डब्यात चढवताना दारातले लोक बोलतात, पण अमळनेर येईस्तोवर तेच वाजवायला सांगतात.

सिग्नलवाला
काल समितीची बैठक झाली. वृत्तांत देतो.

दसऱ्यानंतरची तारीख मांडली. पहिला आक्षेप परतीच्या पावसाचा. मैदानात चिखल झाला तर? त्यावर उपाय म्हणून सभागृहही धरून ठेवायचं ठरलं, म्हणजे दहानंतर वहीलाही तेच. दुसरा आक्षेप कापसाच्या वेचणीचा, खेड्यातून येणाऱ्या बाया त्या दिवसांत वेचणीला असतात. त्यावर संध्याकाळी सहाची वेळ ठेवली. तिसरा आक्षेप पाहुण्यांचा : नवरात्र-दसऱ्याच्या आठवड्यात मोठे पाहुणे मोकळे नसतात. यावर कोणीतरी मागून "बरंच आहे" म्हणालं आणि अध्यक्षांनी ऐकलं नाही असं दाखवलं.

सध्या जुळलेलं असं. सहाला मैदानात पालकडचा ढोल, लोक भोवती. मग बतुकम्मा, भुलाबाई आणि गरबा त्याच गोलात एकापाठोपाठ, मध्ये निवेदन कमी. गोरमाटी भाऊंनी तांड्यातल्या बायांशी बोलायचं कबूल केलंय. ढाकीचं सराफगल्ली बघताहेत. तिसरी_पिढीच्या आईंना मी स्वतः भेटलो. त्या म्हणाल्या, छठची गाणी छठलाच, पण सोहर, म्हणजे बाळाच्या जन्माची गाणी, म्हणेन, नातू झालाय. साडेनऊला सत्कार, अर्ध्या तासात आटपला तर आटपला.

पानं बांधायची सूचना एका सदस्याने केलीच. त्याला हा धागा पाठवलाय.

अक्राणी
खोलीचं कुलूप?

सिग्नलवाला
आहे. चावी पथकातल्याच एका बाईकडे राहील.

लेवाबाय
भुलाबाईचा खाऊ कोन आननार ते ठरवलं का? डबा हालवून वळखायचा असते, आवाज येनारा पायजे. मागं एकीनं श्रीखंड आनलं होतं.

भरीतभाकरी
जानेवारीत वेगळी भरीत पार्टी ठेवावी असा ठराव मांडतो. पथकं नाहीत, सत्कार नाही.

धुळेकरीण
अनुमोदन. धुळ्याहून येते, भाकरी थापायला दोन बाया आणते.

गोरमाटी
ऊसतोडीवरून कोणी येणार नाही, पण माझ्या आईला आणतो. ती एकटीच आहे तेव्हा.